श्री. साकव यांस

साकव हा शब्द मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला कळतो, असं मी तिशी उलटेपर्यंत धरून चाललो होतो. आमच्या चाळीत तो सगळ्यांना कळायचा, आणि चाळीबाहेर मला फारसं कोणी काही विचारत नसे, त्यामुळे गैरसमज टिकून राहिला. ओढ्यावर दोन लाकडं टाकून माणसापुरती वाट करतात, तो साकव. पूल सरकारचा असतो, साकव आपला असतो. आईच्या लेखी एवढाच फरक होता आणि तो पुरेसा होता.

आमचा साकव कोकणात नव्हता. अंधेरीला पूर्वेकडे, मरोळच्या पुढे साकीनाक्याच्या अंगाला एक नाला वाहतो, त्याच्यावर होता. ‘वाहतो’ हे मी आपलं नाल्याचा मान राखायला लिहिलं. पावसाळा सोडला तर तो पडून असायचा, आणि आसपासच्या कारखान्यांत आज कुठल्या रंगाचं काम चाललंय ते त्याच्याकडे बघून कळायचं. आई मात्र त्याला शेवटपर्यंत व्हाळ, म्हणजे ओढा, म्हणायची. गावच्या व्हाळात खेकडे असायचे. इथल्या व्हाळात काय असायचं ते लिहीत नाही, वाचणारे जेवायला बसलेले असतील.

नाल्याच्या अलीकडे आमची बैठी चाळ, पलीकडे तशीच दुसरी. आमची मागच्या बाजूची शेवटची खोली, आणि तिच्या बरोबर समोर, नाल्यापलीकडे, माझ्या मावशीची. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. मालवणकडच्या एकाच वाडीतून परळला गिरणीकामगारांच्या घरांत दिलेल्या. परळच्या जागेत माणसं मावेनात तेव्हा माझे वडील आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, असे दोघे साडू अंधेरीला खोल्या बघायला आले. एका चाळीत दोन खोल्या मिळेनात. मग त्यांनी नाल्याच्या दोन काठांवर एकेक घेतली, आणि सामान लावायच्या आधी मध्ये साकव टाकला. ओळखीच्या वर्कशॉपमधले दोन जुने गर्डर, वर खोक्यांच्या फळ्या, धरायला एका बाजूला बांबू. कोणाला विचारलं नाही. गावाला कधी विचारलं नव्हतं. तिथे पाऊस सरला की वाडीतली माणसं जमून साकव घालायची, तशा इथे दर दसऱ्यानंतर फळ्या बदलल्या जायच्या. वडील गेल्यावर त्यांच्या जागी मी काकांबरोबर फळ्या ठोकायला उभा राहिलो. म्हणजे काका ठोकायचे आणि मी खिळे धरायचो. एकदा त्यांनी माझ्या अंगठ्यावर ठोकलं आणि म्हणाले, “तू पार्ल्याच्या हाफिसात कागद लिहितंस ना? मग हात सांभाळ.”

मी पार्ल्याला एका खाजगी कंपनीत पत्रव्यवहार बघायचो. चाळीत त्यामुळे माझं इंग्रजी चांगलं असल्याची अफवा होती, आणि मराठीबद्दल तर मलाच खात्री होती.

साकवावरून माणसांपेक्षा वाट्या जास्त जायच्या. आईने तिरफळ घालून बांगडे केले की मावशीकडे वाटी. मावशीने खापरोळ्या केल्या की आमच्याकडे वाटी. आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हा नियम. त्यामुळे वाटी गेली की उत्तर यायचं, उत्तराला प्रत्युत्तर जायचं, आणि हा व्यवहार कधी संपायचाच नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोला हे काही दिवस कळेना. ती गिरगावची. तिने मला विचारलं, “या दोघी एका घरातच का राहत नाहीत रे? गॅस तरी वाचेल.”

“भांडतील.”

“आता काय करतात?”

भांडायच्याच. पण साकव असा की भांडण अर्धवट सोडून आपल्या घरी येता यायचं आणि आमटीला फोडणी देऊन परत जाऊन पूर्ण करता यायचं. आईचं कंबरेचं दुखणं तेव्हाही होतं. मोठ्या रस्त्याने ती चार पावलं चालली की थांबायची. साकवावरून मात्र बांबू धरून, तोंडाने मावशीला काहीतरी ऐकवत, ती दिवसातून कितीही वेळा जायची. मावशीला तेव्हापासूनच कमी ऐकू यायला लागलं होतं. आई म्हणायची, “तिका सगळा ऐकाक येता. नको ता येत नाय.”

आणि मग आमचा वॉर्ड मोठा झाला म्हणून त्याचे दोन करायचं ठरलं.

हे आम्हाला कळलं ते रंगाऱ्याकडून. एक माणूस पिवळ्या रंगाचा डबा आणि पत्र्याचा साचा घेऊन आला आणि आमच्या संडासाच्या भिंतीवर एक खूण उठवून गेला. काही दिवसांनी नाल्यापलीकडे दुसरा माणूस निळा डबा घेऊन आला. चौकशी केली तेव्हा समजलं की नाला ही आता हद्द. अलीकडे एक वॉर्ड, पलीकडे दुसरा. कचेऱ्या दोन, इंजिनिअर दोन, नगरसेवक दोन.

चाळीत त्या रविवारी बैठक झाली आणि मला सगळं समजावून सांगायला उभं केलं. मी ‘विकेंद्रीकरण’ हा शब्द वापरला. तो वापरताना मला जे बरं वाटलं ते अजून आठवतं. मी सांगितलं की एवढ्या मोठ्या वॉर्डात आपल्यासारख्यांची दाद लागत नव्हती, आता कचेरी आपल्या जवळ येणार, आपली कामं पटापट होणार. सगळ्यांना पटलं. काका उठून म्हणाले की गावाला तीन मजले चढावे लागतात, आधी ग्रामपंचायत, मग पंचायत समिती, मग झेडपी, आणि तिन्हीकडे साहेब जेवायला गेलेला असतो. इथे एकच म्युनिसिपालिटी, तीसुद्धा आता दाराशी. मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू वॉर्डाचे दोन तुकडे मीच केले.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, “आणि साकव खंयच्या वॉर्डात?”

सगळे हसले. मीही हसलो.

साकवाची एक फळी त्या पावसाळ्यात कुजली. आमच्या चाळीतल्या एका बाईचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. फार लागलं नाही, पण तिच्या नवऱ्याने वॉर्ड कचेरीत तक्रार केली, आणि कचेरी खरोखरच जवळ आलेली असल्यामुळे तक्रारीची दखल लगेच घेतली गेली. इतक्या वर्षांत आमच्या कुठल्याही तक्रारीचं असं झालं नव्हतं. एक तरुण इंजिनिअर आला, साकवावर पाय ठेवून बघितला, ‘धोकादायक’ असं लिहून घेतलं, आणि त्याच आठवड्यात गॅस-कटरवाल्यांसकट माणसं आली.

त्यांनी साकव काढला. पण अर्धा.

मी त्या दिवशी रजेवर होतो म्हणून हे डोळ्यांनी बघितलं, नाहीतर मीही खोटंच समजलो असतो. त्यांनी आमच्या काठापासून नाल्याच्या मध्यापर्यंत फळ्या उचकटल्या, गर्डर मध्यावर कापले आणि थांबले. मी मुकादमाला विचारलं, “उरलेला?”

“तो पलीकडच्या वॉर्डाचा, साहेब. आमची हद्द इथे संपली.”

“अहो, पण अर्धा साकव कोणाच्या कामाचा?”

“ते त्यांना विचारा ना. आमचं काम झकास झालंय की नाय बोला.”

झकासच झालं होतं. अगदी सरळ रेषेत कापलं होतं.

पलीकडचा अर्धा तसाच राहिला. मावशीच्या दारातून निघायचा आणि नाल्याच्या मध्यावर येऊन संपायचा. काकांनी त्याखाली दोन बल्ल्यांचा टेकू दिला म्हणून तो तोल धरून होता. मावशी त्याच्यावरून टोकापर्यंत यायची. आम्ही ओरडायचो, पण तिला ऐकू येत नव्हतं, आणि आईचं म्हणणं होतं की आपण ओरडतोय म्हणूनच ती येते. आई आमच्या काठावर पाट टाकून बसायची. दोघींत आता अर्ध्या साकवाचंच अंतर, पण मावशीच्या कानांना तेवढंही पुष्कळ. मग हातवारे. आईने दोन बोटं ओठाला लावली की ‘चहा झाला का’. मावशीने कपाळाला हात लावला की ‘सून उठायची आहे’. मावशीची सून हे सगळं दारातून बघायची, म्हणून पुढे ती खूण बदलावी लागली.

वाट्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. मी एक युक्ती काढली. लांब बांबूच्या टोकाला आकडा, आकड्याला फडक्यात बांधलेली वाटी. पार्ल्याच्या ऑफिसात मी ही युक्ती कागदावर काढून दोघांना दाखवलीही होती. पहिल्याच दिवशी आईने सोलकढी पाठवायचं ठरवलं. बायको म्हणाली, “कढी नको, लाडू पाठवा पहिल्यांदा.” आईने ऐकलं नाही. बांबू नाल्यावर निम्मा गेल्यावर वाकला, फडकं उलटलं, आणि नाल्याचा रंग तेवढ्यापुरता गुलाबी झाला. वाटी बुडाली. मावशी तिच्या टोकावर उभी राहून इतकी हसली की काकांनी येऊन तिला मागून धरलं. आईही हसत होती. मग एकदम थांबली आणि म्हणाली, “वाटी माझी होती ती. तिची अजून माझ्याकडेच आसा.”

खरंच होतं. साकव काढला त्या दिवशी मावशीची एक स्टीलची वाटी, काठावर तिच्या सासरचं आडनाव कोरलेली, आमच्या फळीवर राहिली होती.

आईने मग अर्ज लिहायला घेतला. म्हणजे ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. “आमचो साकव आमका परत देवा,” एवढंच तिला म्हणायचं होतं. तेवढंच लिहिलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. मी त्याचं व्यवस्थित मराठी केलं. ‘विषय: साकव, दुरुस्तीबाबत.’ खाली दोन परिच्छेद. शेवटी एक वाक्य मला फार आवडलं होतं: ‘तरी नाल्याचे दोन्ही तीर सुरक्षित व्हावेत ही नम्र विनंती.’ पहिली सही आईची, तिच्याखाली चाळ. एक प्रत या वॉर्डाला, एक त्या वॉर्डाला.

उत्तर आलं. आमच्याच वॉर्डाकडून, आमच्याच पत्त्यावर. पाकिटावर टाइप केलं होतं: श्री. साकव यांस. आत लिहिलं होतं की आपल्या दुरुस्तीबाबतच्या अर्जाच्या संदर्भात आपण कार्यालयात समक्ष हजर राहावे.

बायकोने ते मोठ्याने वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारून हसत बसली. आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मगे जा घेवन. अर्धो आसा अजून.”

मी गेलो. टेबलामागे एक वयस्कर कारकून, बोलण्यावरून सोलापूरकडचे. सज्जन माणूस. मी बसल्यावर त्यांनी विचारलं, “साकव तुम्हीच का?”

“नाही. साकव म्हणजे पूल. लहानसा. ओढ्यावरचा.”

त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. “असं होय. आम्हाला वाटलं गृहस्थांची खोली दुरुस्तीला आलीय. मग सरळ पूल लिहायचं की हो.”

“पूल मोठा असतो.”

“आमच्याकडं ओढ्याला पाणीच नसतं,” ते म्हणाले. “त्यामुळं हे असलं काही ठाऊक नाही.” आणि त्यांनी अर्जावर ‘साकव’ खोडून ‘पूल’ लिहिलं. त्या क्षणी मला वाटलं, काम झालं.

पण साकव होता तोवर तो निदान वॉर्डाचा होता. पूल झाल्यावर तो पूल खात्याकडे गेला. पूल खात्याने कळवलं की दोन वॉर्डांमधल्या पुलाला दोन्ही वॉर्डांची संमती लागेल. पलीकडच्या वॉर्डात गेलो तर तिथले म्हणाले की आमच्या नोंदीत या जागी पूल नाहीच, नसलेल्याची दुरुस्ती कशी करणार. मी म्हटलं, “अहो, अर्धा उभा आहे तिथे, माझी मावशी त्याच्यावर उभी असते.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “तो अनधिकृत असणार. बरं झालं सांगितलंत.” मी घाईघाईने म्हणालो की नाही, तिथे काही नाहीये, माझी समजूत चुकली, आणि जिना उतरून आलो. पत्रव्यवहारातल्या माणसाची ही तऱ्हा. साकव आहे म्हणून सांगायला गेलो होतो, साकव नाहीच असं सांगून परत आलो.

मध्ये निवडणूक आली. अलीकडचे उमेदवार आमच्या काठावर उभे राहून म्हणाले, “माझा अर्धा मी उद्या टाकतो. त्यांना विचारा, ते टाकतात का.” पलीकडचे तिकडे उभे राहून म्हणाले, “आमचा अर्धा आहेच. ज्यांनी कापला त्यांना विचारा.” दोघेही निवडून आले.

काका गेले ते एका दुपारी, जेवून आडवे झाले असताना. मी ऑफिसात होतो. हे मी आईकडून आणि बायकोकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं आहे.

आई नेहमीसारखी पाटावर बसली होती. समोर मावशीची सून दारात आली आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी राहिली. कुठलीही खूण नव्हती ती, पण आईला कळलं. ती उठून काठापर्यंत गेली. समोर माणसं जमायला लागली. मावशी बाहेर आली नाही. आई तिला हाका मारत राहिली, जिला ऐकू येत नव्हतं तिला. बायको रिक्षा आणायला धावली, ती मिळता मिळेना. रिक्षा चाळीच्या तोंडाशी यायची, तिथपर्यंत आईला धरून न्यायचं, मग साकीनाक्याला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत शिरायचं. नाक्यावर टेम्पो उलटा पडला होता. रिक्षावाला म्हणाला, “बाई, यापेक्षा चालत जा.” बायकोने आईच्या कंबरेकडे बघितलं.

आणि आई तिथे पोचली तेव्हा काकांना नेलं होतं. मावशीच्या मुलाला बाहेरगावच्या कामावर परतायचं होतं असं नाही, कोणाची घाई होती असंही नाही. कोणीतरी म्हणालं होतं की समोरची बहीण तर बघतेच आहे, ती कशाला एवढ्या लांबून येईल. आणि बघत होतीच की ती. रिक्षात बसेपर्यंत तिने सगळं बघितलं होतं. पाणी तापवलेलं, बांबू आणलेले. ज्यांच्यासाठी मी खिळे धरले त्यांना बांधताना तिने समोरून बघितलं, आणि गाठ कुठे सैल आहे तेही तिला दिसत होतं.

मी संध्याकाळी आलो तेव्हा ती घरी परत आली होती. चूल थंड होती. मला म्हणाली, “बायकांनी जमीन सारवायलाही घेतली होती. मी दारात उभी. तिने मला विचारलं, तू कधी आलीस?” हे तिने मालवणीत सांगितलं नाही. आई शुद्ध बोलली की आम्ही घाबरायचो.

त्यानंतर मावशी साकवाच्या टोकापर्यंत येईना. बल्ल्यांचा टेकू बघणारं कोणी राहिलं नव्हतं. ती दारातच बसायची, आई पाटावर, आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या.

मग एक दिवस आमचा अर्ज मंजूर झाला.

हे मी विनोदाने लिहीत नाही. पत्रच आलं. नाल्याचे दोन्ही तीर सुरक्षित करण्याबाबतच्या नागरिकांच्या विनंतीनुसार दोन्ही वॉर्डांच्या हद्दीत संरक्षक भिंत बांधण्याचे काम मंजूर झाले आहे. माझं वाक्य. ‘साकव’ त्यातून गळून गेला होता, ‘पूल’ही गळून गेला होता, फक्त ते शेवटचं वाक्य सगळी टेबलं ओलांडून पोचलं होतं. वॉर्ड दोन झाल्यापासून दोन्हीकडच्या कचेऱ्यांनी एका मताने केलेली तेवढी एकच गोष्ट. भिंत इकडूनही, तिकडूनही, सारख्याच उंचीची. पलीकडचा अर्धा साकव पायासाठी काढावा लागला. तो काढताना कोणाची हद्द आडवी आली नाही.

कामाच्या शुभारंभाला अर्जावरची पहिली सही म्हणून आईला नारळ फोडायला बोलावलं. मी म्हटलं, “जाऊ नको.” बायको म्हणाली, “जाऊ दे त्यांना. निदान विचारतील तरी.” आई नऊवारी बदलून गेली. नगरसेवकांनी तिच्या पाया पडून तिला शाल दिली. तिने नारळ हातात धरला आणि विचारलं, “साकव खंय?”

नगरसेवक मागे वळून आपल्या माणसाला म्हणाले, “अरे, साकवसाहेबांना बोलावलं नाही का?”

माणूस म्हणाला, “निमंत्रण दिलं होतं, साहेब.”

आईने नारळ खाली ठेवला. तो मग दुसऱ्या कोणीतरी फोडला.

भिंत महिन्याभरात उभी राहिली. माझ्याहून उंच झाली. मी उंच नाही, पण आई माझ्या खांद्याला लागायची. बायकोने एकदा स्टूल आणून दिलं, त्याच्यावर आईला चढता येईना. मी चढून बघितलं तर समोरही भिंतच दिसली आणि तिच्यावर मावशीच्या खोलीचं कौलारू छप्पर. आई खालून विचारत होती, “दिसता?”

मी म्हटलं, “दिसता.”

“काय करता ती?”

“बसलीय.”

आईने मान हलवली आणि पाट उचलून आत घेतला. तो पुन्हा बाहेर काढला नाही.

टेलिफोन दोन्हीकडे नव्हता, आणि असता तरी मावशीला काय ऐकू येणार होतं. मावशीची सून मध्ये कधीतरी आमच्याकडे आली, बाजारातून येताना. तीही रस्त्याने लांबून. चहा घेतला, आईच्या कंबरेची चौकशी केली. जाताना आई तिला वाटी देणार होती, तर ती म्हणाली, “राहू दे, मावशी. अजून दोन कामं आहेत, पिशवीत सांडेल.” तिचंही चुकलं नाही. इतक्या लांबून कोण पातळ आमटी नेईल.

गणपतीत मी आईला रिक्षाने मावशीकडे घेऊन गेलो. बायकोने सकाळी उकडीचे मोदक केले होते, ते आईने मावशीच्याच वाटीत घातले. आडनाव कोरलेल्या त्या वाटीत. वर रुमाल बांधून सबंध वाट मांडीवर धरून बसली. रिक्षा खड्ड्यात गेली की वाटी दोन्ही हातांनी वर उचलायची. साकीनाक्याला आम्ही बराच वेळ अडकलो. आई बाहेरची गर्दी बघत म्हणाली, “ह्यां सगळा आमच्या आणि तिच्या मधी आसा?”



मी तिला दारात सोडून रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालत राहिलो, मग बाहेरच भिंतीला टेकून उभा राहिलो. नाल्याचा वास तसाच येत होता, नाला दिसत नव्हता. भिंतीवर निळ्या रंगात वॉर्डाची खूण होती. थोड्या वेळाने आई बाहेर आली. मला वाटलं होतं जेवून निघेल. मावशी तिच्या मागे दारापर्यंत आली, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आम्ही निघालो.

परत येताना आईचे हात मोकळे होते. मी विचारलं, “वाटी?”

“तिचीच होती. ठेवली तिने फळीवर.”

“रिकामी नाही ना पाठवत म्हणून…”

“दिली ना तिची तिला. आता माझ्याकडे तिचं काय आहे पाठवायला, आणि तिच्याकडे माझं?”

ती शुद्ध बोलत होती. नाका ओलांडल्यावर ती आपणहून म्हणाली, “चहा दिला. कपबशीत. काचेच्या.”

आमच्याकडे काचेची कपबशी पाहुण्यांसाठी निघते. मावशीकडेही. आई त्या घरात इतकी वर्षं पितळीतून, पेल्यातून, हाताला लागेल त्यातून प्यायली होती.

“सून नवीन पद्धतीची आहे,” मी म्हटलं. “तिनेच काढली असेल.”

“सुनेने नाही. तिने स्वतः काढली. पुसली, आणि दिली.” आई रिक्षाच्या मीटरकडे बघत म्हणाली, “आणि निघताना काय म्हणाली माहीत आहे?”

“काय?”

“म्हणाली, बरं वाटलं. परत ये हां कधीतरी.”